खंडेनवमीची आगगाडी

मी डोंगराखाली झोपते. कळव्याच्या आमच्या घरात दुसरी जागाच नाही. एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत पलंग, आणि पलंगाच्या वर, उठून बसलं तर डोकं आपटणार नाही एवढ्या उंचीवर, आठ फूट बाय चार फूट प्लायवूडचा पाट. पाटावर डोंगर, बोगदा, पूल, स्टेशन आणि वीतभर लांब डब्यांची आगगाडी. सगळं आमच्या ह्यांनी केलेलं.

ह्यांचा जन्म वागळे इस्टेटीत लेथवर गेला. मी तिथेच दोन गल्ल्या पलीकडे बावीस वर्षं सर्किटच्या पाट्यांना सोल्डरिंग केलं. दोघंही घरी बसलो त्या वर्षी हे एका माणसाकडून जुनं इंजिन घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

"अहो, वय काय, खेळता काय?"

"खेळणं नाही हे. मॉडेल आहे."

"बरं. आणि हे मॉडेल ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

शेवटी तिथेच ठेवलं.

पण पहिल्या दिवसाचं सांगते. ह्यांनी फरशीवर रुळाचे दोन हात लांब तुकडे जोडले, विजेला लावलेल्या बटणाच्या डब्बीतून दोन तारा काढून रुळांना लावल्या, इंजिन ठेवलं आणि बटण फिरवलं. इंजिन चालायला लागलं. मी विचारलं, बॅटरी कुठे आहे? ह्यांनी इंजिन उलटं करून दाखवलं. बॅटरी नव्हती. एक रूळ म्हणजे एक तार, दुसरा रूळ म्हणजे दुसरी. चाक रुळावर टेकतं तिथून वीज चाकात शिरते, चाकातून मोटारीत, आणि मोटार तेच चाक फिरवते. बावीस वर्षं मी वीज कथलाचा डाग देऊन पक्की केली. जरा हललं तर माल परत यायचा. आणि इथे धावत्या चाकातून, नुसत्या टेकण्यातून, वीज वर चढत होती. मी फरशीवर बसले ती उठलेच नाही. त्या दिवशी पोळ्या करपल्या नाहीत, कारण मी केल्याच नाहीत.

ज्यांना हा नाद आहे, किंवा ज्यांच्या घरच्यांना आहे, त्यांच्यासाठी आमच्या चुका सांगून ठेवते. पहिली चूक पाटाची. चार फूट रुंद पाट भिंतीला लावला. गाडी भिंतीकडे पडली की हात पोचायचा नाही. काठीने उचलायला गेले आणि स्टेशन मोडलं. मग पाटाच्या मधोमध माणूस उभा राहील एवढं भोक कापलं. पलंगावर चढायचं, खालून भोकात शिरायचं, की कमरेपर्यंत आपण डोंगरांच्या मधे. ह्यांचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे भोकात नेहमी मीच. तुम्ही करणार असाल तर आपला हात जेवढा पोचतो तेवढाच रुंद पाट घ्या.

दुसरी चूक रव्याची. रुळांच्या मधे खडी दिसावी म्हणून ह्यांनी माझा रवा रंगवून चिकटवला. आठ दिवसांत मुंग्यांनी रूळ ताब्यात घेतला. मग मी समोरच्या बांधकामावरून दगडाची कच आणली, पिठाच्या चाळणीने चाळली, रुळांमधे पसरली, आणि पांढऱ्या गोंदात पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून तो वरून थेंबाथेंबाने सोडला. साबण नसेल तर गोंद कचेवरून घरंगळतो, आत मुरत नाही. माती हवी असेल तर चहाचा चोथा कडक वाळवून घ्या. ओला राहिला तर बुरशी धरतो. झाडांना घोसाळ्याची वाळकी जाळी. ती कातरून हिरवी केली की हुबेहूब झाड. मी घोसाळी घेताना जून बघून घ्यायला लागले तेव्हा भाजीवाली म्हणाली, "मावशी, ही खाणार कशी?" मी म्हटलं, खाणार नाही, लावणार आहे. ती अजून माझ्याकडे बघून हसते.

ह्यांच्या सोबतीला एकच माणूस, कल्याणचे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या घरीही आगगाडी आहे, आमच्यापेक्षा मोठी. दर रविवारी यायचे आणि दोघं भांडायचे.

"रुळाला पॉलिशपेपर मारलास? अरे, ओरखड्यात घाण बसते. खोडरबर घास, नाहीतर स्पिरिटचं फडकं."

"आणि तू रूळ वळणावरच सांधले होतेस ते?"

"ते जुनं झालं. वहिनी, चहा द्या ह्याला, तोंड बंद करा."

एकदा मास्तरांनी विचारलं की स्टेशनला पाटी का नाही. हे म्हणाले, बघणाऱ्याला ते आपलं गाव वाटलं पाहिजे. मी म्हटलं, अक्षरं काढायचा कंटाळा, दुसरं काय. पण खरं सांगायचं तर ते कोकणातलं स्टेशन आहे आणि मला ते माझ्याच गावाचं वाटतं. माझ्या गावाला रेल्वे नाही.

चार वर्षं झाली तरी गाडी एक पूर्ण फेरी मारत नव्हती. बोगद्यात गेली की थांबायची. हे बोट घालून ढकलायचे. मी पाटाखाली पडल्यापडल्या वर बघायचे आणि तारा मोजायचे. तीनच होत्या. शेवटी म्हटलं, अहो, एवढ्या रुळाला तीन तारा? रूळ एकमेकांना नुसते क्लिपने अडकलेत, त्या सैल झाल्या की वीज पुढे जाणार कशी? प्रत्येक तुकड्याला खालून आपली तार द्या. हे म्हणाले, मला आता बारीक दिसत नाही.

तेव्हा मला कळलं. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेचं गेलंय, मधलं नळीतून बघावं तेवढं उरलंय. गेलेलं येणार नाही. उरलेलं राखायला ऑपरेशन करू, पण खात्री देत नाही. हे सगळं ह्यांनी सहा महिने खिशात ठेवलं होतं. मी चिडले. रडले नाही, चिडले. नंतर इस्त्रीच्या टेबलावर सोल्डरिंगचं आयर्न ठेवलं, आम्ही त्याला इस्त्रीच म्हणायचो, आणि कामाला लागले.

बत्तीस डाग दिले. रूळ लाकडाला नाही, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना धरून असतो. इस्त्री जास्त टेकली की पट्टी वितळते. म्हणून आधी तारेला कथील, मग रुळाला कथील, मग दोन्ही एकत्र धरून एक-दोन म्हणायचं आणि सोडायचं. हात विसरला नव्हता. नवरात्र बसलं तेव्हा शेवटचा डाग झाला. ऑपरेशन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होतं.

"दसऱ्याला चालवू," हे म्हणाले. "पहिली फेरी, हात न लावता. ती बघतो, मग डॉक्टरांना डोळ्याचं काय करायचं ते करू दे."

बस, तेवढंच त्यांनी मागितलं.

खंडेनवमीला हे मास्तरांबरोबर दवाखान्यात तपासण्यांना गेले. मी घरी. वागळे इस्टेटीत ह्या दिवशी आम्ही मशीन धुवायचो, पुसायचो, हळदकुंकू लावायचो. बावीस वर्षांत माझ्या इस्त्रीला कुंकू चुकलं नाही. मग ह्या गाडीला का नको? मी अंघोळ करून भोकात शिरले. इंजिनाला हळदकुंकू लावलं, डब्यांना लावलं, बोगद्याच्या तोंडाला, पुलाला, आणि रुळांनाही जागोजागी बोटं लावली. कुंकू भिजवलेलं होतं. झेंडूची फुलं ठेवली. मूठभर अक्षता वाहिल्या. फुलाने पाणी शिंपडलं. दिसत फार छान होतं.

हे दोघं संध्याकाळी आले. मास्तरांनी दारातच चप्पल काढता काढता बघितलं आणि थांबले.

"वहिनी, ही पूजा केलीत की अंघोळ घातलीत?"

"आज खंडेनवमी आहे."

"अहो, रुळावर कुंकू? वीज कुठून जाणार? कुंकवातून?"

मी बावीस वर्षं सोल्डरिंग केलेली बाई. डाग द्यायच्या आधी जागा पुसून घ्यायची, बोटाचा तेलकटपणाही ठेवायचा नाही, हे मी नव्या मुलींना शिकवायचे. आणि मीच ओलं कुंकू रुळाला फासलं होतं. ह्यांनी बटण फिरवलं. इंजिन गुरगुरलं आणि थांबलं. ते पलंगाच्या कडेवर बसले, आणि म्हणाले, "असू दे. उद्या फक्त पूजा करू." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दसऱ्याला सकाळी मी भोकात. खोडरबराने सगळा रूळ घासला, स्पिरिटच्या फडक्याने पुसला, फडकं लाल, पुन्हा पुसला. मास्तर बाहेर बसून एकेका डब्याची चाकं कान साफ करायच्या काड्यांनी साफ करत होते. चाकं विसरू नका. रूळ चकचकीत आणि चाकं घाण असली तर ती घाण पहिल्याच फेरीत रुळावर परत येते. जेवणाला श्रीखंड नव्हतं, कालचं वरण होतं. कुणी तक्रार केली नाही.

दुपारी गाडी चालली. पूल ओलांडला, बोगद्यात गेली, बोगद्यातून बाहेर आली. बोट न लावता! पण स्टेशनमागच्या सांध्यावर, म्हणजे जिथे एक रूळ फुटून दोन होतात तिथे, इंजिन पार झालं आणि मागचा डबा घसरला. पुन्हा चालवली. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तिथेच. मास्तरांनी डब्याची चाकं मोजपट्टीने तपासली. ठीक होती. त्यांनी दुसरा डबा लावला. तोही घसरला. चार वाजत आले होते. ह्यांना पाचला दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

"मास्तर, चालव परत," हे म्हणाले, आणि डोळे मिटले.

"डोळे काय मिटतोस, बघ की."

"तू चालव रे."

गाडी निघाली. सांध्यावर आली. डबा पडला.

"टक् वाजतं," हे म्हणाले. "डबा पडायच्या आधी. चार वर्षं ह्या सांध्यावरून मी हाताने डबे ढकलतोय, टक् कधी वाजलं नाही. डाव्या बाजूला आहे. जिभेच्या मागे."

सांध्याला एक बारीक सरकता रूळ असतो, त्याला हे जीभ म्हणतात. ती मोठ्या रुळाला घट्ट चिकटली पाहिजे. चिकटली नाही तर चाक त्या फटीत शिरतं. मी वाकून बघितलं. काही दिसलं नाही. मास्तरांनी टॉर्च मारला. काही नाही. तेव्हा मी बघणं सोडलं आणि नख फिरवलं. सर्किटच्या पाटीवर कथलाचा उडालेला कण असाच शोधायचो आम्ही, डोळ्याने नाही, नखाने. जिभेच्या मागे, खालच्या अंगाला, नख अडलं. सेफ्टीपिनने उकरलं. तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला. माझी अक्षत.

मी तो दाणा तळहातावर ठेवून दोघांना दाखवला. मास्तर हसायला लागले आणि थांबेनात. ह्यांना दिसला नाही, म्हणून त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी चिमटीत फिरवून बघितला.

"अख्खा आहे," ते म्हणाले. "तुटलेला असता तर अक्षतांत कसा घातला असतास."

मग त्यांनी खुर्ची बोगद्याच्या तोंडासमोर ओढली. हनुवटी पाटाच्या कडेला टेकवली, म्हणजे डोळ्याच्या उरलेल्या नळीत बोगदा नीट येईल. बटण मास्तरांच्या हातात. मी भोकातच उभी, पडली तर उचलायला.

गाडी निघाली. स्टेशन सोडलं, वळण घेतलं, माझ्या पाठीमागून भिंतीकडच्या बाजूने गेली. मी मान वळवत राहिले. माझ्या पोटाच्या उंचीवर चहाच्या चोथ्याची जमीन होती, घोसाळ्याची झाडं होती, चाळलेल्या कचेत रूळ होते, आणि त्यावरून कुणीही न ढकलता एक आगगाडी चालली होती. पुलावर तिचा आवाज बदलला. पोकळ झाला. खऱ्या पुलावर होतो तसाच. मला कुणी सांगितलं असतं की पुलाचा आवाज करता येतो तर मी मानलं नसतं. तो कुणी केला नव्हता. पूल बरोबर बांधला होता म्हणून आवाज आपोआप आला होता. माझ्या अंगावर काटा आला. गणपती येताना, विसर्जनाला, लेकीच्या लग्नात मला कधी काटा आला नाही. इथे आला.

मग बोगदा. शेपटाचा डबाही आत गेला आणि पाटावर काहीच हलेना. फक्त डोंगराच्या आतून घरघर. पूर्वी इथेच थांबायची. मग बोगद्याच्या आत भिंतीवर उजेड आला, आधी पिवळट, मग वाढत गेला, आणि इंजिनाचा दिवा बाहेर आला, सरळ ह्यांच्या तोंडावर. त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक दिवा दिसला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आहे तेवढं टिकलं आहे, वाढलेलं नाही. आता हे गाडी कानाने चालवतात आणि मला सांगतात कुठला डबा लंगडतोय. बरोबर निघतं. ह्या वर्षी खंडेनवमीला मी फक्त बटणाच्या डब्बीला कुंकू लावलं, कोरडं, आणि अक्षता देवघरात वाहिल्या.

पण त्या दसऱ्याला सांध्यावर टक् वाजलं नाही, सगळे डबे पार झाले, गाडी स्टेशनात आली, फेरी पुरी झाली, आणि मास्तरांनी थांबवायला हात नेला. ह्यांनी हनुवटी उचलली नाही.

मी विचारलं, "दिसली का?"

"दिसली. थांबवू नको रे तू. आणि अगं, तू खाली बस, मधे येतेस. परत येतेय."