मयताची तबकडी

लुंग प्रसोप यांना कुणी कलावंत म्हटलं की त्यांना राग यायचा. गातात ते कलावंत, मी नुसती सुई ठेवतो, म्हणायचे. बापाहून वडील माणूस म्हणून कालव्यावरचे आम्ही सगळे त्यांना लुंग म्हणत आलो. कुणाचं लग्न असो, कुणाचा मुलगा भिक्खू होणार असो नाहीतर कुणी गेलेलं असो, लुंगची होडी विहाराच्या घाटाला लागली की समजायचं, आता कर्णे चढणार. चार पत्र्याचे कर्णे, बॅटरी, तबकड्या वाजवायची पेटी, आणि मांडीवर धरलेला तबकड्यांचा पत्र्याचा डबा. तो डबा त्यांनी होडीच्या तळाशी कधी ठेवला नाही. बायको पाण्यात पडली तरी चालेल, पण डबा नको, असं मी एकदा बोलले. तर त्यांची बायको लमचियक म्हणते कशी, "सायुत, मला पोहता येतं. डब्याला कुठं येतं?"

मी त्यांच्या शेजारची. माडांचा रस आटवते आणि गूळ करते. पहाटे चुलाण पेटवायचं म्हणजे लुंगच्या कर्ण्याचा पहिला आवाज बहुतेक वेळा माझ्याच कानावर पडायचा.

लग्नाच्या, उत्सवाच्या तबकड्या पुष्कळ होत्या, पण नाव होतं ते मयताच्या तबकडीचं. ती लमचियकच्या बापाची. कर्णे, पेटी, सगळं त्याचंच. प्रसोप घरजावई म्हणून आले आणि सासऱ्याच्या हाताखाली शिकले. त्याच्या कितीतरी आधी, लमचियक आणि तिची धाकटी बहीण बुनरुअंग फ्रॉकात होत्या तेव्हा, सुई कुणी ठेवायची यावरून दोघींची झोंबाझोंबी झाली आणि सुई तबकडीवरून फरफटत गेली. बापानं दोघींना सडकून काढलं म्हणतात. नवी तबकडी आणायची ऐपत नव्हती, तेव्हा तीच वाजत राहिली. त्यातल्या घंटा हळूहळू चढत जातात, आता मोठा ठोका पडणार म्हणून ऐकणारा श्वास धरतो, आणि नेमका तोच ठोका गिळून सुई पुढं उडी मारायची.

आमच्याकडे मयताचं बोलावणं करत नाहीत. तसं करणं म्हणजे आणखी एक मरण घरी बोलावणं. पहाटे विहारातून कर्णा वाजतो, माणसं कान देतात आणि उठून येतात. बायका तांदूळ-नारळ घेऊन, बाप्ये लाकडं फोडायला कोयते घेऊन. आसपास विहार बरेच आणि मयताची चाल सगळीकडे एकच. पण तो ठोका गिळला गेला की मयत आपल्यातलं. ठोका पडला की परक्याचं, खुशाल कूस बदलून झोपा. लहान पोरांनासुद्धा हे कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि यात एक मोठी सोय होती. भांडलेली माणसंही यायची. बोलावणंच नाही म्हटल्यावर आधी कोण वाकलं हा प्रश्नच उरत नाही.

बुनरुअंग तशीच यायची. बाप गेल्यावर घर आणि कर्णे लमचियककडे राहिले. बापाचा आवाज जावयाला दिला, असं म्हणून ती मेक्लोंग नदीच्या पलीकडच्या काठाला गेली आणि मासळी सुकवायला लागली. त्यानंतर बहिणीशी एक शब्द नाही. पण आई गेली, मामा गेला, कर्णा वाजला की हिची होडी घाटाला हजर. काळे कपडे घालून यायची, चितेवर चंदनाचं फूल ठेवायची, जेवायची, बहिणीशेजारी बसून ढीगभर ताटं घासायची आणि न बोलता परत जायची. दोघी एकाच पाण्यात हात घालून बसलेल्या मी पाहिल्यात. काय हट्टी बायका त्या, देवा.

लुंगचा मुलगा थवत. वाईट मुलगा नव्हे, उगाच कुणी तसं समजू नये. शहरात आवाजाच्या यंत्रांचंच काम करतो. घरी आला की बापाला समजवायचा. अंगठ्याएवढ्या वस्तूत हजारो गाणी मावतात, बुरशी लागत नाही, मुंग्या लागत नाहीत, उन्हात वाकडी होत नाहीत, तुम्ही कशाला ही ओझी वाहता. खरं सांगते, मला पटायचं. माझ्या नातीच्या फोनवर गाणं लागतं तेव्हा बाईनं श्वास कुठं घेतला तेसुद्धा ऐकू येतं. लुंगच्या कर्ण्यातून निम्मे शब्द कळायचे नाहीत.

मधूनच बँकॉकहून तरुण पोरं यायची, कापडी पिशव्या घेऊन. फोनमधल्या गाण्यात जीव नाही, आम्हाला ही खरखर हवी, म्हणायची. लुंग त्यांना पाणी द्यायचे, तबकड्या दाखवायचे, एकही विकायचे नाहीत. ती गेल्यावर हसायचे. "जन्मभर मी ती खरखर जावी म्हणून तबकड्या पुसल्या, आणि ही बाळं तिच्यासाठी एवढ्या लांब येतात." मग मयताची खराब झालेली का बदलली नाहीत, असं मी विचारलं. तर म्हणाले, "नवी आणली तर कोण गेलं ते कळेल का कुणाला?"

बघता बघता लुंगला बोलावणं कमी झालं. एकेका विहारानं मोठे काळे स्पीकर घेतले, आणि मयताची चाल इंटरनेटवरून उतरवून घेतली. सगळ्यांकडे तीच, स्वच्छ, धुऊन काढल्यासारखी. कोण गेलं ते फोनवर फोटोसकट येतं. बुनरुअंगकडे मात्र फोन नाही. आता पहाटे वाजलं तर लोक म्हणतात, असेल कुठं तरी.

लमचियकची मूत्रपिंडं निकामी झाली ती याच दिवसांत. अंगावर सूज, तोंडाला चव नाही, पण जीभ शाबूत. एकदा मी तिला नारळाचं पाणी पाजत होते आणि लुंग पायाशी बसले होते. बुनरुअंगला निरोप देऊ का, असं मीच विचारलं. अंगावरच आली माझ्या.

"खबरदार. शेवटी वाकली म्हणेल. आणि मी वाकणार नाही." मग लुंगकडे बघून म्हणाली, "तुम्ही फक्त तबकडी लावा. तिला ऐकू जाईल. ती येईल, फूल ठेवेल, आमचं मिटेल. दुसऱ्या कुणाला काही करायला सांगू नका."

चंदनाचं फूल ठेवताना मनात क्षमा मागायची असते आणि गेलेल्या माणसाला क्षमा करायची असते. तिला तेवढंच हवं होतं. तोंडानं बोलायचं नाही, आणि तरी मिटवून जायचं. लुंग म्हणाले, बरं. ते नेहमीच बरं म्हणायचे, पण या खेपेला डबा उघडून, तबकडी बाहेर काढून त्यांनी तिच्यासमोर पुसली.

एका सकाळी ती गेली. दुपारी आम्ही रीतीप्रमाणे तिच्या हातावर पाणी घातलं. लुंग जरा वेळ बसले आणि उठून विहाराच्या अंगणात गेले. बायकोच्या मयताचे कर्णे दुसऱ्या कुणाला बांधू देणार नाही म्हणाले. या वयात बांबूवर चढले. कर्ण्यांची तोंडं नदीकडे केली, चारही. शेतांकडे एकही नाही. ते मी पाहिलं आणि मला हुंदका आवरला नाही.

इकडे मंडपात तिला लाकडाच्या शवपेटीत ठेवत होते. आमच्यात माणसाची आवडती वस्तू बरोबर देतात, कुणी पानाचा डबा, कुणी चष्मा. थवत रडून रडून सुजला होता. त्यानं बापाचा डबा उघडला, मयताची तबकडी काढली आणि आईच्या जोडलेल्या हातांखाली, फुलांच्या आड ठेवली. तिच्या बापाची वस्तू, तिनंच लहानपणी ओरखडलेली, तिच्याबरोबर जावी असं त्याला मनापासून वाटलं. आम्ही चार बायका तिथं होतो. कुणाच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं असलं तरी वावगं वाटलं नाही. वस्तू देतातच. मग झाकण लागलं आणि खिळे ठोकले. एकदा खिळे ठोकले की दहनाच्या दिवसापर्यंत पेटी उघडत नाहीत. उघडली तर घरातलं आणखी एक माणूस जातं.

पहाटे मी मंडपात भाताच्या पातेल्यापाशी होते. लुंगनी पेटी लावली, सुई फुंकली, डबा उघडला. एक तबकडी उचलली, दुसरी उचलली, सगळ्या उचलल्या. मग डबा उलटा केला. थवत जवळच झोपला होता, तो उठला.

"बाबा, ती आईला दिली."

"काय दिली?"

"मयताची तबकडी. आईबरोबर ठेवली. तुम्ही काळजी करू नका, तीच चाल माझ्याकडे आहे. चांगली, एक ठोका न चुकता." त्यानं फोन पुढं केला.

लुंग पेटीकडे बघत राहिले, लाकडाच्या त्या पेटीकडे, जिच्यात लमचियक होती. मी म्हटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. मुलाचा चेहरा पाहिला त्यांनी. शहरात राहून तो गिळलेला ठोका त्याच्या ध्यानातून गेला होता, अजून त्याला काहीच कळलं नव्हतं. म्हणाले, लाव.

कर्ण्यातून चाल सुरू झाली. खरखर नाही, अडखळणं नाही. घंटा चढत गेल्या. मी हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. आणि तो ठोका पडला. मोठा, भरलेला, गोल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला मी तो. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. नदीपलीकडे तो ऐकून बुनरुअंगनं काय केलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

मी लुंगला बाजूला घेतलं. मी होडी काढते, जाऊन सांगून येते, गेलेल्या माणसाला कुठं कळणार आहे, म्हटलं. त्यांनी मान हलवली. "तिनं शब्द घेतलाय, सायुत. बोलावून आणलेली बुनरुअंग तिला नको होती." मला इतका राग आला. मेलेलीही हट्टी आणि जिवंतही हट्टी. पण मी गेले नाही, कारण मलाही तिनं खबरदार म्हटलं होतं.

दुसऱ्या पहाटे लुंग आवाजाच्या बटणावर बोटं ठेवून बसले. मला कळेना काय चाललंय. घंटा चढायला लागल्या, ते पुढं झुकले, आणि ठोका यायच्या वेळेला त्यांनी आवाज पाडला आणि लगेच वर केला. आयुष्यभर ज्यानं अंधारातसुद्धा सुई नेमकी ठेवली तो माणूस. पण बटणावर ते जमेना. एका जागी दोन ठोके गेले. त्यांनी ती चाल पुन्हा पहिल्यापासून लावली. या खेपेला उशीर झाला, अर्धा ठोका पडला आणि अर्धा तुटला. तेव्हा थवतच्या ध्यानात आलं. तो बापाच्या शेजारी खाली बसला आणि त्यानं तोंड हातांत लपवलं. लुंग परत परत लावत राहिले. शेवटी भिक्खू नाश्त्याला आले तेव्हा मीच बटण बंद केलं.

बुनरुअंग आली नाही. भिक्खूंचा पाठ चालला त्या तिन्ही रात्री लुंगचं अर्धं लक्ष पाठाकडे आणि अर्धं घाटाकडे होतं.

दहनाच्या दिवशी खिळे काढले, नारळाच्या पाण्यानं तिचं तोंड धुवायला. तबकडी तिथंच होती, सुकलेल्या फुलांखाली. भट्टीवरचा माणूस म्हणाला, ही काढून घ्या, काळा धूर होतो. लुंगचा हात पुढं गेला. मला वाटलं घेतील, निदान ती तरी उरेल. पण दिलेली वस्तू मेलेल्या माणसाकडून परत घेत नाहीत, आणि आता ती लावून तरी कुणाला ऐकवायची होती? हात मागं आला. "राहू दे," म्हणाले. धूर खरंच काळा झाला.

अस्थी नदीत सोडल्या. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, भर उन्हात, बुनरुअंगची होडी घाटाला लागली. बाजारात कुणीतरी तिला सांगितलं होतं. अंगावर काळे कपडे. लुंग ओसरीवर बसले होते, थवत आत होता, मी गुळाचं मडकं द्यायला आले होते. ती वर आली नाही. पायरीपाशीच उभी राहिली.

"ती आजारी आहे हे मला ठाऊक होतं, दाजी," ती म्हणाली. "पावसाळ्यापासून रोज पहाटे उठून ओट्यावर बसत होते. पंखासुद्धा लावत नव्हते, आवाजात ऐकू यायचं नाही म्हणून. वाजलेलं ऐकलं मी. ठोका पडला. म्हटलं, आपली नाही, अजून आहे. बरं वाटलं मला. दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी यंत्र बिघडलंय असं वाटलं. माझा जीव इतका हलका झाला की मी मासळी घेऊन बाजाराला गेले."

लुंग ओसरीवरून उठून उभे राहिले.

"तबकडी का लावली नाहीत?"

आतून थवत दारात येऊन उभा राहिला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं. लुंगनी त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"मीच तिच्याबरोबर दिली," ते म्हणाले. "सुचलं नाही मला."

बुनरुअंग त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ते खरं वाटलं. वाटणारच, लुंग कधी खोटं बोलले नव्हते.

"मला माझ्या बापाचा आवाज दिला नाहीत तेव्हा मी गप्प बसले," ती म्हणाली. "आता बहीणही दिली नाहीत. तुमचं तोंड बघणार नाही मी."

मी धावत पाणी घेऊन गेले. तिनं घेतलं नाही. तिच्या मुठीत चंदनाचं फूल होतं, लाकडाच्या पातळ सालीचं, घरून करून आणलेलं. ते कुठं ठेवायचं हे तिला कळेना. पायरीवर ठेवावं की पाण्यात सोडावं, असं करत ती जराशी घुटमळली आणि ते तसंच मुठीत धरून होडीत बसली.