हन्नामावशीची बिऱ्हाडी बाग

हन्नामावशीकडे परात मागायला जायची सोय नव्हती. परातीत कोथिंबीर असायची. बूड गळलेल्या बादलीत अळू, कान तुटलेल्या कढईत पुदिना, फुटक्या रांजणाच्या खालच्या अर्ध्यात मोगरा. थॉमस मास्तरांच्या दाढीच्या मगातसुद्धा ओवा होता, आणि मग काही फुटका नव्हता. मास्तर बिचारे वाटीत पाणी घेऊन दाढी करायचे आणि वर "ओवा छान आलाय" म्हणायचे. असा नवरा मिळायलाही नशीब लागतं.

मास्तर सोनईला मिशनच्या शाळेत होते आणि आमच्या शेजारीच राहायचे. लढाईचे दिवस होते. पत्र्याला सोन्याचा भाव आला होता, भंगारवाला रॉकेलच्या रिकाम्या डब्यांसाठी दारोदार फिरायचा. सगळं गाव डबे विकत होतं आणि मावशी मात्र त्यांना खिळ्यानं भोकं पाडून माती भरत होती. माझी आई, छबूबाई, एकदा वैतागून म्हणाली, "अगं हन्ना, येवढं मोठं अंगण हाय. भुईत लाव की सरळ!"

"न्हाई गं बाई," मावशी म्हणाली. "भुईत लावलं की मास्तरांची बदली हुती."

यात खोटं काही नव्हतं. राजूरला तिनं पेरू लावला. तो गुडघ्याएवढा झाला आणि बदली आली. श्रीगोंद्याला लिंबू लावलं. त्याला पहिली फुलं आली त्याच महिन्यात मास्तरांना सोनईचा हुकूम निघाला. तेव्हा ती फार रडली होती. निघताना त्या झाडाची एक फांदी मुळं धरवून सोबत आणली आणि इथं रॉकेलच्या डब्यात लावली. आपल्या हातच्या झाडाचं एक लिंबू आपल्या ताटात पडावं, एवढीच तिची हौस. त्यासाठी बाग बिऱ्हाडासारखी उचलून नेता आली पाहिजे, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

तीनेक वर्षांनी शेवगावला बदली झाली, तेव्हा त्या लिंबाला गोटीएवढी फळं धरली होती. बदलीनं खूश झालेली बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "या बारीला समदी माझ्यासंगं येत्यात," असं ती गावभर सांगत फिरली. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, गाडी जुंपली. बादली चढली, परात चढली, ओव्याचा मग मास्तरांनी स्वतः हातात धरला. लिंबाचा डबा मात्र हलेना. दादांनी आणि मास्तरांनी मिळून जोर लावला. शेवटी दादांनी वाकून खाली बघितलं.

"बाई, ह्यो न्हाई यायचा. भोकातनं मुळ्या भुईत गेल्यात, चांगल्या अंगठ्यायेवढ्या."

"कोयत्यानं तोडू," मास्तर म्हणाले. "डबा तरी येईल."

मावशी डब्याशेजारी खाली बसली. ती भोकं तिनंच पाडलेली होती. डब्यावर तिनं हात ठेवला. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही.

"नगा तोडू," ती म्हणाली. "फळं धरल्यात. पत्रा तेवढा कापून काढा, आवळत आसंल त्याला." मग आईकडे वळून म्हणाली, "छबू, पानी घाल गं."

दादांनी पत्रा उभा चिरून काढला. गाडी गेली. पुढं दोन दिवस आई आमच्यावर उगीचच ओरडत होती.

लिंबं पिवळी झाली तेव्हा आईनं आम्हा कुणाला झाडाला हात लावू दिला नाही. सगळी आपल्या कडीच्या डब्यात भरून दादांबरोबर शेवगावला धाडली. दादा परतले ते हात हलवत.

"माझा डबा कुठाय?" आईनं विचारलं.

"त्याच्यात मिरची लावली त्येंनी," दादा म्हणाले. "पयलं लिंबू दोघा नवरा-बायकूनी मीठ लावून निम्मं निम्मं खाल्लं. बिया मातुर भुईत लावल्या. म्या म्हनलं, बाई, आन् बदली झाली मंजी? तर म्हनल्या, हुंदे. हितं बी एक छबू गावलीय."