दिगू काही विसरला नव्हता

निखिलचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. मीही रडलो. पण त्याच्या आधी माझ्या मनात जे आलं, ते आज लिहायलाच हवं. आता दिगू मला ते कधीच विचारणार नाही... असं माझ्या मनात आलं. जन्मभराचा मित्र गेल्याचं ऐकून माझी छाती आधी हलकी झाली. मग त्या हलकेपणाची जी भीती वाटली ती अजून उतरलेली नाही. काही आठवडे झाले, झोपेत काहीतरी कोसळल्यासारखं वाटतं आणि मी उठून बसतो.

उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत दिगूसाठी शोकसभा झाली. माणसं चांगलंच बोलली. पण प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य होतं. बिचाऱ्याचं डोकं शेवटी काम करत नव्हतं... मुलाला त्याला घेऊन जावं लागलं... मी पहिल्या रांगेत बसलो होतो. लोक मान हलवत माझ्याकडे बघत होते, कारण ही गोष्ट कॉलनीत पहिल्यांदा माझ्याच तोंडून गेली होती. मी तिथे उठून बोलायला हवं होतं. मी बसूनच राहिलो. म्हणून हा लेख. निखिलला विचारून लिहितो आहे. तो म्हणाला, "नाव घालून लिहा."

दिगंबर रेल्वेत सिग्नल विभागात होता आणि मी शाळेत फिजिक्स शिकवत होतो. तो मला मास्तर म्हणायचा, मी त्याला दिगू. संध्याकाळी दोघं चालायला निघालो की तो घराचं कुलूप लावायचा, ओढून बघायचा, चार पावलं जायचा आणि परत येऊन पुन्हा ओढायचा. मी म्हणायचो, "अरे चल ना यार, तुझ्या घरात कोणता खजिना पडलाय." तो म्हणायचा, "मास्तर, तुझ्या नोकरीत चूक झाली तर पोराला दोन मार्क कमी मिळायचे. माझ्या नोकरीत झाली असती तर पेपरात आलं असतं." असा हा माणूस. त्याला फक्त एका गोष्टीची भीती होती, आणि ती त्याने मला एकट्यालाच सांगितली होती. त्याची आई शेवटी त्याला ओळखत नव्हती. "चोर आला, चोर आला," म्हणून त्याच्याकडे बघून ओरडायची. चष्मा कुठे ठेवला हे आठवलं नाही तरी दिगूचा चेहरा उतरायचा. "सुरू झालं काय रे माझं?" तो विचारायचा. मी हसून म्हणायचो, "सुरू झालं तर मी सांगेन तुला." तो म्हणायचा, "हो, तू सांग. बाकीचे तोंडावर नाही सांगणार."

दिगूची बायको, सुधावहिनी, गेल्यानंतर त्यांचे देव दिगूच पुजायचा. निखिलने पुण्याहून ऑनलाइन एक चौकोनी खणांचं कपाट पाठवलं होतं. दोन खण रुंद, तीन खण उंच, पांढऱ्या बोर्डाचं. वरच्या एका खणात देव, खाली पोथ्या, औषधं, जुनी मासिकं. मग दिगूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मांडी घालणं बंद झालं, पूजा कुर्सीवर बसून सुरू झाली, आणि देव त्याच्या डोळ्यांच्या बरेच खाली राहू लागले. रोज तो कंबरेतून वाकून गंध लावायचा. त्यात पोछा मारणाऱ्या बाईचं पाणी लागून कपाटाची खालची फळी फुगायला लागली होती. "याला पाये लावून टाकू," तो एक दिवस म्हणाला. "देव डोळ्यासमोर येतील आणि खालून पोछाही जाईल." मला कल्पना आवडली. उन्हाळ्यात आम्ही दोघं फ्रीगंजच्या बाजारात जाऊन वीतभर उंचीचे चार लाकडी पाय घेऊन आलो.

ते काम करताना आम्ही फार हसलो होतो. देव ताटात काढून ठेवले, कपाट रिकामं केलं, आणि भिंतीला धरून ठेवणारी वरची लोखंडी पत्ती मी सोडवली. कपाट जुन्या चादरीवर आडवं केलं. दिगूला खाली बसता येत नव्हतं, म्हणून तो कुर्सीवरून हुकूम सोडत होता. मी पाय थोडे आत घेऊन लावायला निघालो, तर काठीने त्याने माझा हात अडवला. "मध्ये पोकळ असतो हा बोर्ड, मास्तर. कोपऱ्याला लाव, तिथे लाकूड आहे." मी म्हटलं, "आत घेतले तर दिसतील चांगले." तो म्हणाला, "दिसायला काय, लगीन करून द्यायचंय काय त्याचं?" पाय कोपऱ्यालाच लागले. कपाट उभं केलं, देव परत मांडले. पण कपाट आता वीतभर वर गेलं होतं, आणि पत्तीचं भिंतीतलं जुनं भोक कपाटाच्या मागे झाकून गेलं होतं. "वर नवं भोक पाडावं लागेल," दिगू म्हणाला. "पत्तीशिवाय नको ठेवायला. उंच झालंय." मी म्हटलं, "उद्या ड्रिल आणतो. तू नको काळजी करू."

दुसऱ्या दिवशी त्याला गुडघा दाखवायला दवाखान्यात जायचं होतं. किल्ली माझ्याकडे देऊन तो गेला. मी ड्रिल घेऊन एकटाच गेलो. भिंतीचं प्लास्टर भुसभुशीत निघालं. भोक पाडता पाडता चुरा पडत गेला आणि भोक केवढं तरी मोठं झालं. स्क्रू धरून ठेवायला आत ठोकायची प्लास्टिकची गिट्टी त्यात नुसती फिरत होती. दुसरीकडे भोक पाडायचं तर आतून लाइटची तार गेली असेल, याची मला भीती वाटली. मी वर्तमानपत्राचा बोळा त्या भोकात कोंबला, त्यात गिट्टी खुपसली आणि वरून स्क्रू दाबला. दिसायला पक्कं दिसत होतं. एखाद्या मिस्त्रीला आणून नीट करून घेऊ, असं मी ठरवलं. खरंच ठरवलं होतं. दिगूने घरी येऊन पाहिलं आणि म्हणाला, "वा मास्तर, वर्गात शिकवलं ते कामाला आलं म्हणायचं." आयुष्यभर प्रत्येक गोष्ट दोनदा बघणाऱ्या माणसाने ती पत्ती हात लावूनही बघितली नाही, कारण ती मी लावली होती. मिस्त्री राहिला. मग मी विसरलो. विसरलो ते मी, दिगू नाही.

दिवाळीत निखिल, त्याची बायको आणि त्यांची छोटी रेवा उज्जैनला आले. मी फराळाला त्यांच्याकडे गेलो होतो. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो आणि आतून तो आवाज आला. देवापुढची खडीसाखर घ्यायला रेवा खालच्या खणात पाय देऊन वर चढली होती आणि कपाट तिच्यावर आलं होतं. पूजेची कुर्सी समोर होती, तिच्यावर कपाटाची वरची कड अडकली आणि खाली जेवढी जागा उरली तेवढ्यात पोर होती. समई तिच्या डोक्याशेजारी पडली होती. ती रडत नव्हती. ती रडेपर्यंत जो वेळ गेला, त्यात मी अजून त्याच खोलीत उभा आहे. निखिलने तिला ओढून काढलं. हाताला खरचटलं होतं, बाकी काही नाही. कपाटाच्या पायांपैकी एकही हलला नव्हता, चारही कोपऱ्यांना तसेच घट्ट होते.

मग निखिलने भिंतीतून तो कागदाचा बोळा बाहेर काढला. "हे कोणी केलं?" त्याचा आवाज चिरकला होता. दिगूने सहज माझ्याकडे पाहिलं. "पत्ती तर मास्तरनेच लावली ना..." त्यात आरोप नव्हता, त्याला नुसतं आठवत होतं ते तो बोलला. रेवा आईच्या खांद्यावर हुंदके देत होती. आणि मी म्हणालो, "मी नाही रे. मी ड्रिल घेऊन आलो तेव्हा तूच म्हणालास, पत्ती लावून झाली म्हणून. आठवत नाही काय तुला?"

हे मी का बोललो याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. ती समई. मी त्या पोरीला मारलं असतं, हे त्या सगळ्यांच्या डोळ्यांत मला बघवलं नसतं. मला वाटलं दिगू चिडेल, म्हणेल, "मास्तर, काय बोलून राहिला तू?" म्हणाला असता तर मी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला नंतर पुष्कळ वेळा सांगितलं. तो चिडला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट निघून जाताना मला दिसली. त्याच्यासमोर त्याची आठवण होती आणि मी होतो. त्याने मला खरं मानलं. "असेल," तो म्हणाला. "मीच केलं असेल." मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "सुरू झालं काय रे?"

मी गप्प राहिलो. कॉलनीत कोणी विचारलं तर म्हणायचो, "हल्ली जरा विसरतो तो."

निखिल त्याला पुण्याला घेऊन जायच्या आधी थोडे दिवस गेले. तेवढ्या दिवसांत दिगू निम्मा झाला. संध्याकाळी मला बोलावून घ्यायचा आणि म्हणायचा, "गॅस बंद आहे काय तू बघ. माझ्या बघण्याला काय अर्थ?" एकदा त्याने मला समोर बसवून उज्जैनपासून नागद्यापर्यंतची सगळी स्टेशनं ओळीने म्हटली. एकही चुकलं नाही. म्हणून झाल्यावर घाबऱ्या डोळ्यांनी विचारलं, "बरोबर आहेत ना? तू हो म्हण." मी हो म्हटलं. तेव्हा आणखी एकच वाक्य म्हणायचं होतं... पुण्याहून त्याचा फोन यायचा. तब्येत, हवा, महाकाळाची गर्दी, असं बोलून झालं की थोडा थांबायचा. "मास्तर, एक विचारू? ती पत्ती मीच लावली होती ना?" मी म्हणायचो, "जाऊ दे ना आता." पुढे पुढे मी फोन माझ्या सुनेला उचलायला सांगू लागलो.

मागच्या आठवड्यात निखिल घर आवरायला आला तेव्हा रेवाला घेऊन माझ्याकडे आला. चहा झाला आणि मी त्याला सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमाने. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, पुण्याला गेल्या गेल्याच आम्ही बाबांना डॉक्टरांना दाखवलं. सगळ्या टेस्ट केल्या. काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, या वयात यांच्याएवढं शाबूत डोकं कमी बघायला मिळतं. मी बाबांना म्हटलं, चला, तुम्हाला उज्जैनला सोडून येतो. ते ऐकेनात." मी विचारलं, "का?" निखिल म्हणाला, "म्हणायचे, पत्ती लावली तेव्हा डॉक्टर तिथे नव्हता, मास्तर होता." एवढं बोलून तो उठला आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला.

रेवा आतल्या खोलीत गेली होती. मी तिला चित्रांची पुस्तकं कपाटात आहेत असं सांगितलं होतं. दारातून मला ती दिसत होती. कपाटासमोर उभी राहून तिने आधी आपला तळवा त्यावर टेकवला, थोडा जोर लावला आणि थांबली. मी आत गेलो. "काय बघतेस ग?"

"हलतं का ते," ती म्हणाली. "आजोबा रोज सकाळी आमच्या घरातलं सगळं बघायचे. मगच मला खोलीत सोडायचे."

"शाळेतही करते," निखिल बाहेरून, पाठ न वळवता म्हणाला.

तिने कपाट उघडलं आणि पुस्तकं काढू लागली. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि म्हणालो, "रेवा, ते कपाट आजोबांच्या चुकीने पडलं नव्हतं. आजोबांनी सगळं बरोबर केलं होतं. ते माझ्यामुळे पडलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. पुस्तकं खाली ठेवली, माझ्या कपाटाचं दार हळूच लावलं, आणि या वेळी दोन्ही तळवे त्यावर टेकवून पुन्हा बघायला लागली.