मागून पाहिलेली गाडी

झाशीतल्या मराठी मंडळींत सरलाताई लघाटे ठाऊक नाहीत असं घर सापडायचं नाही, आणि ते काही त्यांच्या गाण्यामुळे नव्हे. गाणं त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या; त्यातून गायला किती जणी लागल्या ते देव जाणे. सरलाताई ओळखल्या जायच्या त्यांच्या गाडीवरून.

लहानपणीच्या तापात डावा पाय लुळा पडला तो कायमचा. क्लच दाबणं काही त्या पायाला जमणारं नव्हतं. म्हणून बबीन्याच्या लष्करी छावणीतले एक मेजर बदलीवर निघाले आणि त्यांची क्लच नसलेली, आपोआप गियर बदलणारी पांढरी गाडी विकायला निघाली, तेव्हा सरलाताईंनी ती घेऊन टाकली. घरात विचारलं का? छे, घरात सांगितलं.

त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव पाटबंधारे खात्यात होते. मोठ गावाच्या बाजूला कालव्यांवर सरकारी जीप हाकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आणि जीप म्हणजे काय, डावा पाय क्लचवरून उचलायची सोय नाही. असा हा गृहस्थ आता बायकोच्या शेजारी बसू लागला. समोर म्हैस आली की यांचे दोन्ही पाय खाली रोवलेले, चौराहा आला की पुन्हा तेच. सरलाताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "अहो, तिकडे ब्रेक नाहीये." दाबून दाबून त्या बाजूचं पायपुसणं झिजलं, त्याला दोन खळगे पडले, पण माणूस काही सुधारला नाही.

काय दिवस होते ते. मंगळवारी गणपतीच्या देवळात भजन असायचं. मागच्या सीटवर शेजारच्या बकुळाकाकू आणि आणखी दोघी, मांडीवर हार्मोनियम, पायाशी लाडवांचा डबा, आणि गाडीत बसल्यापासूनच गाणं सुरू. प्रेम नगरातून निघून पुलाचा चढ गाडी अशी घ्यायची की काकूंचा सूर हलायचा नाही. चौराह्यावरचा शिपाई बाकीच्यांना थांबवून "निकल जाइए बहनजी" म्हणायचा. सरलाताईंचा लुळा पाय एका छोट्या लोडावर टेकवलेला असायचा आणि उजव्या पायाच्या जोरावर त्या सगळं शहर पालथं घालायच्या. जमिनीवर त्या काठी टेकत चालायच्या. गाडीत मात्र त्यांना कुणी मागे टाकत नसे.

मग काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, समोरचं दिसेल, कडेचं गेलं ते गेलं, गाडी आजपासून बंद. सरलाताईंनी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन भरपूर रडल्या. उगाच लपवायचं कशाला?

नेमकी त्याच आठवड्यात गाडी तेल गाळायला लागली. इलियास मिस्त्रींनी गियरबॉक्स उतरवला, सील बदललं, नवं तेल भरलं. गाडी परत आली, यज्ञेश्वरराव चालवायला बसले, आणि गाडी अडखळायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती क्षणभर विचारात पडायची, मग हिसका देऊन निघायची. चढावर तर जीव नकोसा व्हायचा. मागून हॉर्न, आत जळका वास, आणि शेजारी हाताची घडी घातलेल्या सरलाताई.

गाडी पुन्हा मिस्त्रींकडे गेली. त्यांनी प्लग बदलले, हवेचा फिल्टर साफ केला, अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणून बसवली. स्वतः एक चक्कर मारून आले. "भाईसाहब, गाड़ी तो मक्खन है." यज्ञेश्वरराव बसले की पुन्हा अडखळणं सुरू. त्यांचं म्हणणं एकच, "गियरबॉक्स उघडला तिथेच बिघडवलंन." मिस्त्री बिचारे कानाला हात लावायचे.

शेवटी धाकटे दीर मधुसूदन म्हणाले, "दादा, विकून टाका ना अब. रविवारी मी एक आदमी घेऊन येतो. वहिनी ई-रिक्शाने जाईल, त्यात काय." त्यात काय! त्या पायाने रिक्षात चढून दाखव म्हणावं. गाडी गेली की मंगळवारचं भजन गेलं, बकुळाकाकू गेल्या, आणि उरला तो अंगण ते फाटक एवढाच रस्ता, हे सरलाताईंना स्वच्छ दिसत होतं. त्यासाठी कडेची नजर लागत नाही. पण सारखी हॉर्नची बोलणी खाणाऱ्या नवऱ्याला तरी कोणत्या तोंडाने थांबवायचं?

रविवारी सकाळी यज्ञेश्वरराव म्हणाले, "तो येण्याआधी एक चक्कर मारून आणतो." सरलाताई फाटकाला धरून उभ्या राहिल्या. गल्ली त्यांच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चढत जाते. गाडी निघाली, अडखळली, पुन्हा निघाली. इतक्या वर्षांत त्यांनी आपली गाडी जाताना मागून कधी पाहिलीच नव्हती. पाहणार कशी, त्या नेहमी आत असायच्या. लहान दिसत होती बिचारी, आणि त्यांना एकदम भरून आलं.

आणि मग लक्षात आलं, मागचे लाल दिवे पेटलेत. गाडी चढतेय आणि दिवे पेटलेलेच आहेत. ते दिवे पायाने पेटतात, ब्रेकवरच्या पायाने.

यज्ञेश्वरराव परतले तेव्हा त्या फाटकातच उभ्या होत्या. "अहो, डावा पाय कुठे असतो तुमचा?"

"कुठे म्हणजे? जागेवर."

"खाली बघा."

त्यांनी पाहिलं. डावा पाय ब्रेकवर अलगद टेकलेला होता. जीपच्या क्लचवर टेकायचा तसाच, बायकोशेजारी बसून पायपुसण्यावर टेकायचा तसाच. फक्त या वेळी त्याच्याखाली खरा ब्रेक होता. त्यांनी पाय उचलून घेतला. मग म्हणाले, "इलियासची माफी मागायला हवी."

"ती मागालच. आधी मागचा लोड द्या इकडे."

लोड डिकीत तसाच पडून होता. सरलाताईंनी वाकून तो नवऱ्याच्या डाव्या पायाखाली सारला आणि पाय त्यावर ठेवायला लावला. "हा इथून हलवायचा नाही. मी कधी हलवला का?" मग वळसा घालून शेजारी येऊन बसल्या.

गाडी निघाली. गल्लीचा चढ, मोठा रस्ता, मग पूल. कुठे हिसका नाही, कुठे थांबणं नाही. पुलाच्या चढावर वाऱ्याला लागल्यावर यज्ञेश्वररावांनी मधुसूदनला फोन लावायला सांगितलं, त्या माणसाला नको म्हणून कळवायला. सरलाताईंनी हूं केलं. फोन पर्समध्येच राहिला.

"काय दाबतेयस?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

सरलाताईंनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय पायपुसण्याच्या खळग्यात घट्ट रोवलेला होता, चढाला वेग देत.

"काही नाही," त्या म्हणाल्या. डोळे पुसायचे राहिले होते, ते पुसले. "तुम्ही चला."

पाय त्यांनी तिथेच ठेवला.