टाके घातलेल्या ओठांनी दिलेला प्रगती अहवाल

माझ्या आईला कुणी विचारलं, तुमची लेक काय करते, की ती सांगते, "पीएचडी करून राहिली. नांदेडला." वडिलांना दुकानात कुणी हेच विचारलं की ते म्हणतात, "सायकल पळवती. डोंगरावरची." दोघंही खरंच बोलतात, पण अर्धं. सायकलचं कळलं तर स्थळं यायची थांबतील असं आईला वाटतं, आणि पीएचडीचं कळलं तर थांबतील असं वडिलांना. अहमदपुरात आमचं कापडाचं दुकान आहे, म्हणजे निम्मं गाव त्या दुकानाच्या ओट्यावर बसून जातं. त्यामुळे काहींना मी विदुषी वाटते आणि बाकीच्यांना वाया गेलेली. हे दोन्ही गट एखाद्या लग्नात एका पंगतीला बसले की घोटाळा होतो. एकदा एका काकूंनी मला विचारलं होतं, "सायकलीतच पीएचडी करतीस का गं?" मी हो म्हणून टाकलं. पुढं ते खरंच व्हायचं होतं हे तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं!

माझा विषय खरं म्हणजे जमिनीची धूप. अहमदपूरच्या आसपास बालाघाटाचे उतार आहेत, वर मुरूम, मधेच काळी माती, आणि झाडं बेताचीच. त्या उतारांवर क, ख, ग, घ अशा जागा आखून मी लोखंडी सळया ठोकून ठेवल्या होत्या. पाऊस होऊन गेला की जाऊन मोजायचं, सळई जमिनीच्या वर किती आली. जितकी उघडी पडली तितकी माती गेली. एवढंच शोधायला विद्यापीठाला इतकी वर्षं कशाला लागतात, हे वडिलांना अजून उमगलेलं नाही.

सायकल आली ती फेलोशिपच्या पहिल्या पैशांतून. जाड टायर, पुढं शॉकअप, आणि मडगार्ड नाही म्हणून पाठीवर कायम चिखलाची एक उभी रेघ. सळया त्याच डोंगरावर, सायकलच्या वाटाही त्याच डोंगरावर. सकाळी आधी सराव करायचा, मग सळया मोजायच्या. सरांचा फोन आला की, "सर, फील्डवर आहे." एकदाही खोटं बोलावं लागलं नाही, याचा मला फार अभिमान होता.

स्पर्धांना जाताना मात्र हाल व्हायचे. सायकलची चाकं काढून, सांगाडा आईच्या जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून मी एसटीत चढायचे. एकदा कंडक्टरनं चादरीकडं बघून विचारलं, "आत काय हाय? पेशंट हाय का?"

"सायकल आहे मामा."

"मग तिला चालवत न्यायची सोडून तिचंच तिकीट काढून राहिलीस का?"

सगळी गाडी हसली. मीही हसले, आणि तिकीट काढलं.

तर त्या वर्षी लातूरजवळच्या एका टेकडीवर रविवारी शर्यत होती. आणि मंगळवारी नांदेडला माझं प्रगती सादरीकरण. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढं उभं राहून आपण काय दिवे लावले ते सांगायचं असतं. ते खरं तर पुढच्या आठवड्यात होतं, पण बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञ बाईंच्या सोयीसाठी अलीकडं आलं. मला काही अडचण दिसली नाही. रविवारी शर्यत, सोमवारी झोप, मंगळवारी विद्वत्ता. माझं गणित पक्कं होतं.

शर्यतीच्या शेवटच्या उतारावर, मुरमाच्या वळणावर, माझं पुढचं चाक सरकलं आणि हँडलचा दांडा थेट खालच्या ओठावर आला. तरी उठले, बसले, पोचले. तिसरी आले. बक्षीस घेतानाच्या फोटोत मी तोंडाला रुमाल दाबून उभी आहे. अतिशय लाजरी दिसते.

लातूरच्या डॉक्टरनं ओठाला आतून-बाहेरून टाके घातले आणि सांगितलं, "टाके निघेपर्यंत बोलायचं नाही. पातळ प्यायचं." हे शर्यतीला सोबत आलेल्या वडिलांनी फोनवर आईला कळवलं. आधी ती रडली. मग जरा वेळानं फोनमधून तिचा आवाज आला, "बोलायचं न्हाई म्हणजे, अजिबातच न्हाई का?" त्यात थोडी आशा होती असं मला अजूनही वाटतं.

मी सरांना मेसेज केला, "सर, फील्डवर पडले. ओठाला टाके. बोलता येत नाही." सरांनी ताबडतोब फोन केला.

"हॅलो. काय झालं? हॅलो? अहो, बोलत का नाही?"

मी फोन वडिलांच्या हातात दिला. सरांचं म्हणणं पडलं की समिती आता पुढं ढकलता येणार नाही. मी फक्त शेजारी बसून राहावं. "मी सादर करतो. प्रबंधाचा धडा तर मी वाचलेलाच आहे."

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. माणूस भला, पण सतत कुठल्या ना कुठल्या बैठकीत. माझा तो धडा त्यांच्या टेबलावर बरेच महिने होता आणि त्यावर चहाच्या कपाची गोल खूण होती. मंगळवारी सकाळी त्यांच्या केबिनमध्ये ते माझ्या स्लाइड भराभर पुढं सरकवत होते. एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "ही 'ग' जागा म्हणजे नेमकी कुठली?"

'ग' जागेवर धड्यातली निम्मी पानं होती. तिथली माती बाकी सगळ्या जागांपेक्षा कितीतरी जास्त वाहून गेली होती. त्या जागेवरच आमचा पहिला मोठा शोधनिबंध निघणार होता. मी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी धडा वाचलेला नव्हता हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही. पण बोलायची बंदी होती. अशी मजा मला पुन्हा कधी आली नाही.

समितीच्या खोलीत विभागप्रमुख होते आणि लातूरहून आलेल्या तज्ज्ञ बाई. निवृत्त प्राध्यापिका, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, समोर शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा. सरांनी सुरुवात जरा अडखळत केली, पण दहा मिनिटांत त्यांचा सूर असा लागला की मीच ऐकत राहिले. 'ग' जागेवर येईस्तोवर ते उभे राहिले होते. "उघडा मुरूम, मोकाट पाऊस, तीव्र उतार! या संशोधनाचा गाभा इथं आहे, मॅडम."

बाईंनी चिक्की खाली ठेवली. "शेजारच्या 'घ' जागेवर पाऊस तेवढाच, उतार तेवढाच, मुरूमही तोच. मग तिथली माती जागची का हलली नाही?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पडद्यावरच्या फोटोकडं पाहिलं. दोन सळयांच्या मधून एक खोल, वळणदार चर गेला होता. हा फोटो मी स्वतः काढलेला, कितीतरी वेळा बघितलेला. पण त्या दिवशी तो भिंतीएवढा मोठा समोर होता, आणि ते वळण मी ओळखलं. तिथं मी मागचा ब्रेक दाबते. तिथंच मागचं चाक घसरवत वळायला शिकले होते, रोज सकाळी, पुन्हा पुन्हा.

"बाळ, बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "फळ्यावर लिही."

मी उठले आणि फळ्यावर लिहिलं, 'सायकल'.

सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "सायकल! म्हणजे चक्र. बरोबर! जमीन ओली होणं आणि सुकणं, याचं जे सायकल असतं मॅडम, त्यामुळं मुरूम भुसभुशीत होतो आणि…"

मी मान हलवली. सर थांबले. मी त्या शब्दाखाली दोन गोल काढले, त्यांना जोडणाऱ्या रेघा काढल्या, वर हँडल काढलं. घंटी काढायचा मोह झाला, तो आवरला.

मग बाईंनी विचारलं, "कुणाची?"

मी माझ्या ओठाकडं बोट दाखवलं.

बाई हसायला लागल्या त्या अंबाडा सुटेपर्यंत. विभागप्रमुखांनी तोंडावर कागद धरला. सर मात्र हळूच खाली बसले.

बाहेर व्हरांड्यात ते मला म्हणाले, "तुम्ही माती मोजून राहिला होता की उकरून?" मला उत्तर देता आलं नाही, आणि या वेळी त्यात मजा नव्हती. अहमदपूरच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून मी रडले. निम्मा धडा गेला होता, शोधनिबंध गेला होता, आणि पाण्याशिवाय काही गिळता येत नव्हतं. टाके निघाले तरी सरांनी फोन केला नाही. मीही केला नाही. सायकल मी माडीवर चादरीखाली ठेवून दिली.

मग समितीचा शेरा आला. बाईंनी लिहिलं होतं की 'ग' जागा टाकून देऊ नये. चाकांच्या वाटांमुळं उतारावरची माती किती जाते, याचाच वेगळा अभ्यास करावा, आणि विद्यार्थिनीनं सायकल चालवणं थांबवू नये. शेवटचं वाक्य मी वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं तो कागद माझ्या हातातून घेऊन ते स्वतः परत वाचलं.

पुढच्याच आठवड्यात सर डोंगरावर हजर. पायात काळे चकचकीत बूट, हातात छत्री. वडिलांनी दुकान नोकराच्या भरवशावर टाकलं आणि थर्मासमध्ये चहा घेऊन तेही आले. नव्या सळया ठोकून झाल्यावर सरांनी मला उतारावर पिटाळलं.

"पुन्हा. आता ब्रेक न दाबता."

"सर, पडेन."

"मग थोडा दाबा. पण दर वेळी तेवढाच."

मी वर चढून यायचे, खाली जायचे, सर छत्रीनं खुणा करायचे. आजवर चोरून केलेला सराव आता अभ्यास म्हणून करायचा होता आणि त्यातली सगळी गंमत गेली होती. दमून मी बाभळीखाली आले तेव्हा वडील सरांना सांगत होते, "पोरगी सायकल लई चांगली पळवती बघा." सर चहा फुंकत म्हणाले, "धडासुद्धा चांगला लिहिलाय तिनं. मी दोनदा वाचला." मी ऐकलंच नाही असं दाखवून पाणी प्यायले.

निघताना सरांनी सायकलच्या दांड्यावर हात ठेवला आणि विचारलं, "यातला मागचा ब्रेक कुठला?" सपाटीवर, बाभळीभोवती, त्यांनी एक फेरी मारली. गुडघे बाहेर काढून, पँट मोज्यांत खोचून, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं. वडिलांनी टाळ्या वाजवल्या.

"हे समितीला कळता कामा नये," सर उतरत म्हणाले.

तो पावसाळा असाच गेला. एकसारखा वेग आणि एकसारखा ब्रेक ठेवून त्या वळणावरून मी इतक्यांदा उतरले की डोळे मिटून उतरता आलं असतं. हिवाळ्यात हिमायतनगरकडच्या जंगलातल्या शर्यतीत, जिथं सगळ्या पोरी मुरमाच्या उतारावर चाचरत होत्या, तिथं मी शांतपणे ब्रेक अर्धा दाबून सगळ्यांच्या पुढं निघाले आणि पहिली आले. शर्यतीत पहिली येण्याची ती माझी पहिलीच वेळ. सरांना फोन केला.

"अभिनंदन," सर म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "टायरमध्ये हवा किती ठेवली होती? तक्त्यात घालता येईल."