चिकटलेली लाख आणि हरसूलकडचा रस्ता

ती घटना आजही आठवली की आधी माझे कान गरम होतात आणि मग छाती फुगते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण छातीचं श्रेय कानांनाच जातं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशकात फौजदार होतो. हरसूलकडच्या एका रस्त्याचं टेंडर बड्या ठेकेदाराला मिळालं. दुसऱ्या ठेकेदारापेक्षा त्याचा दर केसभर कमी. हरलेला गडी तडक कोर्टात गेला. त्याचं म्हणणं असं, की कचेरीत कुणीतरी आपलं पाकीट फोडून दर वाचला आणि मग बड्या ठेकेदाराचं पाकीट पेटीत टाकलं. कोर्टानं कामाला स्थगिती दिली आणि फसवणुकीची फिर्याद माझ्या टेबलावर आली.

टेंडरपेटी बांधकाम कचेरीच्या पत्र्याच्या पडवीत असायची आणि तिची किल्ली तिथल्या एका शिपायाच्या कमरेला. हरसूलकडचाच माणूस, निवृत्तीला चार महिने उरलेले. फिर्याद येताच तो निलंबित झाला. गुन्हा शाबित झाला असता तर पेन्शनही गेलं असतं. किल्ली याच्याकडे म्हणजे चोर हाच, असं मी ठरवून टाकलं. सबंध दिवस त्याला फैलावर घेतलं. तो एकच सांगत राहिला, "सायेब, मागनाऱ्याला किल्ली नाय म्हनायची माझी टाप नव्हती. आन् रस्ता माझ्याच गावाला जायचा हाय. तो मी कशाला बुडवू?"

हे मी जबाबात सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. किल्ली मागणारा कोण, एवढं मात्र विचारलं नाही.

त्याच आठवड्यात सातपूरच्या एका तारचोरीचा मुद्देमाल मला कोर्टात हजर करायचा होता. पुड्या लाखेनं सील करून मी ठाण्याच्या पत्र्याच्या शेडमधल्या ट्रंकेत एकावर एक रचल्या होत्या. महिना मे. कोर्टात ट्रंक उघडली तर सगळ्या पुड्यांचा एकच गठ्ठा. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"फौजदार, हा मुद्देमाल आहे की चिक्की?"

सगळं कोर्ट हसलं. गरम कानांनी परतताना मी वाटेतच सायकल थांबवली. टेंडरपेटीसुद्धा आठवडाभर मे महिन्यात पत्र्याखालीच होती की!

जप्त केलेली सहा पाकिटं काढली. ती कडेनं कापून उघडलेली, म्हणून पाठीवरची लाख शाबूत होती. चार पाकिटांची लाख चपटी झालेली, शेजारच्या पाकिटाचा कागद ओढून बसलेली. दोन पाकिटांची मात्र कालच लावल्यासारखी करकरीत. एक जिंकलेल्याचं, म्हणजे मागाहून टाकलेलं; दुसरं हरलेल्याचं, म्हणजे फोडून पुन्हा सील केलेलं. नोंदवहीत तर कचेरीतल्या हेडक्लार्कांनी सहाही पाकिटं पहिल्याच दिवशी पेटीत पडल्याचं लिहिलेलं.

हेडक्लार्क आणि शिपाई दोघांना समोरासमोर बसवून शिपायाला राहिलेला प्रश्न विचारला, किल्ली मागितली कुणी? त्यानं मान वळवली. "हे काय, समोरच बसल्यात. पेटी उघडायच्या आदल्या दिवशी मागितली."

हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, "साहेब, प्रत्येक लाख काही वितळत नाही."

मी वाद घातला नाही. पंचांसमक्ष सहा नवी पाकिटं सील करून त्याच पेटीत, त्याच पत्र्याखाली ठेवली. चौथ्या दिवशी पंचांसमक्षच पेटी उघडली. सहाही एकमेकांना चिकटलेली. हेडक्लार्कांनी पाणी मागितलं आणि बड्या ठेकेदाराच्या नावासकट सगळं सांगून टाकलं.

साक्षीच्या वेळी न्यायाधीशांनी विचारलं, हे सुचलं कसं? शपथेवर होतो, त्यामुळे चिक्कीची हकीकत सांगणं भाग पडलं. पुन्हा कोर्ट हसलं, पण या खेपेला मीही हसलो. ते टेंडर रद्द झालं. फेरटेंडरात हरलेला गडी सरळ मार्गानं जिंकला आणि रस्ता झाला.

चोर आधीच ठरवला की माणूस प्रश्न अर्धाच विचारतो, हे मी या प्रकरणात शिकलो. ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. एका शिपायानं शिकवलं. तो सन्मानानं कामावर परतला आणि आपल्याच खुर्चीवरून निवृत्त झाला. त्या दिवशी ठाण्यात येऊन त्यानं माझ्या टेबलावर लाखेनं सील केलेली एक पुडी ठेवली.

"सायेब, तुमचा मुद्देमाल."

उघडली, तर आत चिक्की होती.