चौकातला एकच टेलर

गुन्ह्यांच्या बातम्या लिहिणाऱ्याला एक खोड लागते. वय, धंदा आणि चौक घातल्याशिवाय त्याला बातमी बातमीच वाटत नाही. मलाही ती होती, आणि मी तिला अचूकपणा म्हणत असे.

वाघोलीच्या पुढच्या एका वस्तीत दोन गटांत दगडफेक झाली. पहिला दगड कुणी मारला, हे सांगायला कुणी तयार होईना. शेवटी चौकातल्या टेलरने सांगितलं, शटर अर्धं ओढून, अगदी हळू आवाजात. वर म्हणाला, "साहेब, माझं नाव नको. मुली इथेच शाळेत जातात."

नाव मी छापलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बायकोने बातमी मोठ्याने वाचली. "'चौकातील चाळिशीच्या एका टेलरने सांगितले...' अहो, तिथे टेलर किती आहेत?"

"एकच."

"मग फोटो तेवढा का सोडलात?"

मी टेलरला फोन लावला, तो उचलेना. तसाच गाडी काढून निघालो. नगर रस्त्यावर नेहमीची कोंडी होती, आणि प्रत्येक दुचाकीवरचे दोघे त्याच्याकडेच निघालेत असं मला वाटत होतं. दंगलीत मी पुष्कळदा घाबरलो आहे, पण तिथे फुटलं असतं तर माझं डोकं फुटलं असतं. इथे फुटणार होतं ते दुसऱ्याचं.

दुकान उघडं होतं. तो शर्टाला बटणं लावत बसला होता. मला पाहून हसला. "पेपर वाचला, साहेब. शब्द पाळलात. नाव कुठेच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय चुकलं ते मी सांगितलं. तो पेपर उघडून ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचू लागला. तेवढ्यात दारात दुचाकी थांबली.

"हितला टेलर तूच हाय ना?" मागे बसलेल्याने विचारलं.

"हो, मीच."

"काय नाय. बघायचं हुतं." ते निघून गेले.

टेलरने पेपरची घडी घातली, शटर खाली ओढलं, कुलूप लावलं.

"माझ्या गाडीवर बसा," मी म्हणालो. "मुलींना लगेच घेऊन येऊ. शाळा कुठली?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तेवढं तुम्हाला नाही सांगत," तो म्हणाला आणि भराभर चालत निघाला.